जेट स्कीचं हँडल: धातूचं नाव नंतर, आधी नळीचा व्यास

कोकणातून किंवा गोव्याहून वापरलेली जेट स्की घ्यायला गेलेला माणूस इंजिनाचं कॉम्प्रेशन तपासतो, वाकून इम्पेलरची पाती बघतो, हलवर, म्हणजे बुडाच्या सांगाड्यावर, चिरा आहेत का ते हात फिरवून पाहतो. हँडल मात्र दोनदा डावी-उजवीकडं फिरवतो आणि सोडून देतो. पुढं धरणावर नेल्यावर ते एका बाजूनं वाकतं किंवा क्लॅम्पपाशी (हँडल मधोमध धरून ठेवणाऱ्या ठोकळ्यापाशी) तडकतं, मग ‘सगळ्यात मजबूत मटेरियल कोणतं’ याची चौकशी सुरू होते. ही चौकशी चुकीच्या टोकाकडून सुरू झालेली असते. हँडल निकामी होण्यात धातूच्या नावापेक्षा नळीचा व्यास, तिच्यावर पाडलेली भोकं, क्लॅम्पची धारदार कड आणि आत साचून राहिलेलं खारं पाणी यांचा वाटा मोठा असतो. म्हणून खरेदीही त्याच क्रमानं करायची: आधी व्यास, मग धातू, मग त्यावरचं आवरण. आणि कितीही भारी हँडल आणलं तरी ते बसवताना घाई केली की सगळं पाण्यात.

जोर येतो कुठून

जेट स्कीला सुकाणू नसतं. मागच्या नोझलमधून फेकलेली पाण्याची धार वळवून ती वळते. थ्रॉटल सोडला की धार मंदावते, आणि मग हँडल कितीही पिळलं तरी मशीन जवळजवळ सरळच जाते. नवशिका नेमका अशा वेळी घाबरून अंगातली सगळी ताकद हँडलवर लावतो. दुसरा मोठा जोर पाण्यात पडलेला माणूस हँडलला धरून वर चढतो तेव्हा येतो. चढायचं ते मागच्या बाजूनं, तिथल्या मुठीला धरून. तिसरा जोर रस्त्यावरचा: ट्रेलरवर मशीन बांधताना पट्टा हँडलवरून टाकून रॅचेट आवळतात तेव्हाचा. घाट चढून तीन-साडेतीनशे किलोमीटर आलेलं हँडल पाण्यात उतरायच्या आधीच थकलेलं असतं. पट्टा पुढच्या आणि मागच्या कड्यांनाच बांधा.

आपल्या मराठवाड्यातल्या धरणांचा स्वतःचा एक धोका आहे. उन्हाळ्यात फुगवटा मागं हटतो, गाळपेराची जमीन उघडी पडते आणि हातभर पाण्याखाली बाभळीचे बुंधे, जुन्या बांधांचे दगड, शेतकऱ्यांच्या मोटारींचे पाइप आणि दोर राहतात. मशीन बुंध्याला अडकून जागच्या जागी थांबली की चालवणाऱ्याची छाती हँडलवर येते. म्हणून मधल्या आडव्या दांड्यावर फोमचं पॅड असलंच पाहिजे. ते शोभेसाठी नसतं.

(जाता जाता: पैठणचा नाथसागर पक्षी अभयारण्य आहे. तिथं वनखात्याला विचारल्याशिवाय इंजिनाची बोट उतरवायची नाही. इतर धरणांवर जलसंपदा विभागाची परवानगी आणि बोटीची नोंदणी आधी बघा. हँडलवर खर्च त्यानंतर.)

पहिलं काम: जुनं हँडल मोजा

पॅड आणि प्लॅस्टिकचं कव्हर काढा. डिजिटल व्हर्नियरनं क्लॅम्पच्या जागी आणि ग्रिपखाली असं दोन ठिकाणी माप घ्या. ग्रिपखाली बहुधा २२.२ मिमी मिळेल. क्लॅम्पपाशी एक तर २२.२ मिळेल, नाहीतर २८.६. मध्ये जाड आणि टोकांकडं निमुळतं होत जाणाऱ्या हँडलला टेपर्ड म्हणतात. काही कंपन्यांच्या मशीनवर मधला भाग गोल नळीचा नसतो, ओतीव तुकडाच असतो. तसं असेल तर नुसतं हँडल आणून भागत नाही, त्या मॉडेलचा क्लॅम्प-ॲडॅप्टरही लागतो.

मग जुनं हँडल जाड खाकी कागदावर आडवं ठेवून पेन्सिलनं त्याची कड उतरवून घ्या. टोकापासून टोकापर्यंतची रुंदी, मधल्या भागापासून मुठीची उंची आणि मुठी मागं किती वळल्यात ते, अशी तीन मापं कागदावरच लिहा. वायर नळीच्या आतून गेल्या असतील तर प्रत्येक वळणाचा फोटो काढल्याशिवाय एकही कनेक्टर सोडू नका. नवं हँडल जुन्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर जरी उंच किंवा रुंद घेतलं तरी थ्रॉटलची केबल आणि स्विचची वायर पुरेल का, हे आत्ताच बघायचं.

एक फसगत नेहमीची. स्टीलच्या दुकानात २५.४ मिमीचा रेलिंगचा पाइप मिळतो, तो क्लॅम्पमध्ये बसत नाही; मग २२ मिमीचा पाइप ‘बसतोय की’ म्हणून घेतला जातो. दोन दशांश मिलिमीटरचा फरक क्षुल्लक वाटतो, पण क्लॅम्प नळीला सगळीकडून धरण्याऐवजी दोन रेघांवर धरतो. हँडल हातात फिरू लागतं, आवळत गेलं की नळी चेपते. मोटरसायकलचं हँडल बहुधा २२.२ चं असतं, म्हणून तेही बसतं. पण ते सहसा साध्या पोलादाचं, वरून क्रोम. आतून त्याला काहीच आवरण नसतं. पाणी आत गेलं की गंज आतून बाहेर येतो, आणि बाहेर दिसतो तेव्हा नळीची जाडी संपत आलेली असते.

व्यास: इथंच निम्मा निकाल लागतो

थोडं गणित करू. उभं राहून लाटेवर आपटताना एका हातानं ६० किलोचा ओढा बसला, आणि मूठ क्लॅम्पच्या कडेपासून २७० मिमी लांब आहे असं धरा. क्लॅम्पच्या कडेशी वाकवणारा जोर साधारण १५९ न्यूटन-मीटर होतो. नळीची जाडी २.५ मिमी असेल तर २२.२ च्या नळीत त्या जागी सुमारे २३२ मेगापास्कल (ताण मोजायचं एकक) ताण येतो. तीच जाडी ठेवून व्यास २८.६ केला तर ताण १२९ वर येतो. वजन फक्त एक तृतीयांशानं वाढतं, ताठपणा मात्र २.३ पट होतो. कारण जाडी तीच ठेवली तर ताठपणा साधारण व्यासाच्या तिसऱ्या घाताच्या हिशेबानं वाढतो.

आता हे आकडे धातूंशेजारी ठेवा. धातू कायमचा वाकायला लागतो ती मर्यादा (यील्ड) अशी: ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूंपैकी दारं-खिडक्यांच्या सेक्शनला वापरतात त्या ६०६३-टी६ ची सुमारे २१४, ६०६१-टी६ ची २७६, ७०७५-टी६ ची सुमारे ५००, आणि साध्या मऊ ३०४ किंवा ३१६ स्टेनलेसची हमी फक्त २०५ मेगापास्कल.

म्हणजे २२.२ च्या नळीवर २३२ चा ताण आला की ६०६३ वाकते, ६०६१ जेमतेम तग धरते. आणि स्टेनलेस? तेही वाकतं. रेलिंगसारख्या १.६ मिमी जाडीच्या २२.२ च्या नळीत तर ताण ३२० पर्यंत जातो. जालन्याच्या सळयांसाठी ओळखल्या जाणाऱ्या आपल्या भागात ‘लोखंड म्हणजे मजबूत’ हे इतकं पक्कं आहे की हा हिशेब कुणाला पटत नाही. पण स्टील जड आहे आणि ताठ आहे, म्हणून ते वाकणार नाही असं होत नाही. ओढून कडक केलेल्या स्टेनलेस नळीची मर्यादा जास्त असते हे खरं, फक्त हातातली नळी त्यातली आहे की नाही हे दुकानदाराला सांगता येत नाही.

ताठपणाचंही बघा. २८.६ मिमीची २.५ जाडीची ॲल्युमिनिअम नळी ताठपणात २२.२ च्या १.६ जाडीच्या स्टील नळीच्या पुढं जाते. पाऊण मीटर लांबीला तिचं वजन सुमारे ४१५ ग्रॅम, स्टीलचं ६२० ग्रॅम.

थोडक्यात, क्लॅम्प बदलता येत असेल तर २८.६ चं टेपर्ड हँडल घ्या. २२.२ च ठेवायचं असेल तर ६०६१ च्या खाली उतरू नका, आणि मध्ये आडवा दांडा असलेलंच घ्या.

धातू

*६०६१-टी६.* गोड्या पाण्यासाठी आणि अधूनमधून समुद्रावर नेण्यासाठीही हाच सगळ्यात बिनघोर पर्याय. गंजाला बऱ्यापैकी दाद देत नाही, ॲनोडायझिंग (ॲल्युमिनिअमवर विजेनं चढवतात तो संरक्षक थर) छान चढतं. २८.६ च्या नळीत त्याला जादा ताकदीची गरजच उरत नाही.

*७०७५-टी६.* ताकद जवळजवळ दुप्पट. त्यात जस्त आणि तांबं असल्यानं ते खाऱ्या पाण्याला नाजूक. ॲनोडायझिंगवर ओरखडा पडला की तिथं खड्डा पडायला लागतो, आणि ताणाखालच्या खड्ड्यातून चीर निघते. मशीन कायम धरणावरच राहणार, उभी राहून जोरात चालवणार, तर जरूर घ्या. दिवाळीच्या सुट्टीत मालवणला नेणार असाल तर ६०६१ बरं.

*२०१४.* मोटोक्रॉसच्या काही हँडलांना वापरतात. ताकद चांगली, पण चार-पाच टक्के तांबं. पाण्यावरच्या मशीनला नको.

*स्टेनलेस.* ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यानं खारं पाणी सोसतं. ताकद वाढत नाही. ‘३१६ आहे, मोडणारच नाही’ असं कुणी म्हटलं तर वरचा २०५ चा आकडा आठवा. बोल्ट, वॉशर आणि नट मात्र स्टेनलेसचेच हवेत.

*क्रोमोली ४१३०.* नॉर्मलाइज केलेल्या नळीची मर्यादा ४३५ च्या आसपास, त्यामुळं १.६ ची पातळ नळीही वरचा जोर सोसते. पण हे गंजणारं पोलाद आहे. बाहेरून पावडर कोटिंग आणि आतून मेणाचा फवारा हे दोन्ही असेल तरच. आतली बाजू कोण बघतो, म्हणून बहुतेकांनी याच्या वाटेला जाऊ नये.

*टायटॅनिअम.* गंजत नाही, सहजी दमत नाही, खिसा मात्र दमतो.

*कार्बन फायबर.* क्लॅम्पखाली चेपतं, आपटल्यावर आतून तुटलेलं बाहेरून कळत नाही, आणि ओल्या ॲल्युमिनिअमला चिकटून राहिलं तर ॲल्युमिनिअमच खाऊन टाकतं. नको.

वाकवून घेणं आणि वेल्डिंग

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या एमआयडीसींच्या आसऱ्यानं वाढलेला प्रदेश आपला. ‘इथंच एखाद्याकडून बनवून घेऊ’ हा विचार साहजिक आहे, फक्त त्यातला खोडा माहीत हवा. टी६ म्हणजे धातू उष्णतेनं कडक केलेला असतो. तशी नळी आखूड वळणावर थंडच वाकवली की बाहेरच्या बाजूला बारीक चिरा पडतात. गॅसची फुंकणी लावून वाकवली तर वाकते छान, पण त्या जागी कडकपणा निघून जातो आणि नेमकं वळणच मऊ राहतं. नीट करायचं तर नळी टी४ अवस्थेत (भट्टीत पूर्ण कडक करण्याआधी) वाकवून नंतर भट्टीत १७७ अंशांना आठ तास किंवा १६० अंशांना अठरा तास ठेवावी लागते. ज्याच्याकडं तापमान नोंदवणारी भट्टी आहे आणि जो या आकड्यांवर तुमच्याशी बोलू शकतो, त्यालाच काम द्या.

तडकलेल्या हँडलला आर्गन वेल्डिंग मारून घेणं हा दुसरा मोह. ६०६१ ला टाका लागतो, दिसतोही सुंदर, पण टाक्याच्या दोन्ही बाजूंची पट्टी तिच्या मूळ ताकदीतला मोठा हिस्सा गमावते. पुढची चीर टाक्याशेजारी पडते. ७०७५ ला तर साध्या वेल्डिंगनं थंड होतानाच भेगा जातात. हँडलला वेल्डिंग नाही, यात तडजोड नाही.

माल खरा आहे का

चांगल्या कंपनीच्या हँडलवर मिश्रधातूचा क्रमांक छापलेला असतो. तो नसेल, किंवा नळी सुटी घेत असाल, तर मिल टेस्ट सर्टिफिकेट (कारखान्याचा चाचणी दाखला) मागा आणि त्यावरचा हीट नंबर, म्हणजे ओतणीचा क्रमांक, नळीवरच्या नंबराशी जुळतो का बघा. ॲल्युमिनिअम सेक्शनवाल्यांकडं पकडीसारखा वेबस्टर हार्डनेस टेस्टर असतो; टोकाला चिमटा मारून ते मिनिटात मऊ-कडक सांगतात. ब्रिनेल या कठीणपणाच्या मापात ६०६१-टी६ चा आकडा ९५ च्या आसपास, ७०७५-टी६ चा १५० च्या. ६०६३ फार तर ७३ च्या जवळ. म्हणजे ‘७०७५’ म्हणून विकलेली नळी ९० दाखवत असेल तर ती ७०७५-टी६ नाही, एवढं नक्की.

स्टेनलेसच्या बोल्टमध्ये २०० सिरीजचा हलका माल ३०४ म्हणून खपतो. लोहचुंबकानं तो ओळखू येत नाही, कारण दोन्ही जवळपास चिकटत नाहीत. भंगाराच्या व्यापाऱ्यांकडं टेस्टिंगचं लिक्विड आणि नऊ व्होल्टची बॅटरी असते, त्या लिक्विडचा थेंब रंग बदलून सांगतो. लॅबमध्ये एक्सआरएफ गननं (क्ष-किरणांनी घटक ओळखणाऱ्या यंत्रानं) काही सेकंदांत पूर्ण घटक कळतात.

आवरणाबद्दल एवढंच: साधं ॲनोडायझिंग १० ते २५ मायक्रॉन, हार्ड ॲनोडायझिंग त्याहून जाड. जाड म्हणजे चांगलं असं समजू नका. फार जाड थर ठिसूळ असतो, त्यातल्या बारीक तड्यांतून खालच्या धातूला चीर जाऊ शकते. हँडलला २० मायक्रॉनच्या आसपास पुरे. भोक पाडायचं असेल तर ते ॲनोडायझिंगच्या आधी.

भोकांचा विषय

स्विचच्या डबीत आतून एक छोटी खुंटी असते, ती नळीच्या भोकात बसते. नव्या हँडलला भोक नसलं की ड्रिल काढलं जातं. ॲल्युमिनिअमला पोलादासारखी ‘एवढ्या ताणाखाली कधीच थकणार नाही’ अशी सीमा नसते. लहान-लहान ताण लाखो वेळा बसले की ते एखाद्या ओरखड्यापासून तुटायला लागतं, आणि भोक हा सगळ्यात मोठा ओरखडा. शक्य तिथं खुंटीच कानशीनं घासून टाका आणि डबीखाली पातळ रबराची पट्टी द्या. वायर आतून न्यायचीच असेल तर भोक मुठीच्या जवळ घ्या, तिथं वाकवणारा जोर कमी असतो. क्लॅम्पजवळ आणि वळणावर कधीच नाही. भोकाची कड आतून-बाहेरून गुळगुळीत करा आणि रबरी ग्रोमेट बसवा, नाहीतर वायरचं आवरण कापलं जातं.

बसवणं

आधी बॅटरीच्या वायरी सोडवा. जुना क्लॅम्प खोलताना बोल्टभोवती पांढरी भुकटी दिसली तर थांबून ती काय आहे ते ओळखा, कारण आपल्या बोअरच्या जड पाण्याचा क्षारही अगदी तसाच पांढरा दिसतो. चिमूटभर भुकटीवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाका. फसफसली तर क्षार, पुसून पुढं चला. शांत राहिली आणि खाली धातूवर सुईच्या टोकाएवढे खड्डे असले तर तो समुद्रावरून आलेला ॲल्युमिनिअमचा गंज आहे. स्टेनलेसचा बोल्ट, ॲल्युमिनिअमचा ठोकळा आणि खारट ओल, तिघं एकत्र आले की ॲल्युमिनिअम झिजतं. आटे भुसभुशीत झाले असतील तर क्लॅम्पच बदला.

क्लॅम्पच्या आतली कड बोटानं चाचपा. ब्लेडसारखी लागली तर बारीक पॉलिश पेपरनं अर्धा मिलिमीटर गोल करा. बहुतेक हँडल याच रेघेवर तुटतात. क्लॅम्प आणि नळी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून कोरडी ठेवा, तिथं ग्रीस नको. ग्रीस किंवा लॅनोलिन लावायचं ते फक्त बोल्टच्या आट्यांना.

हँडल मधोमध ठेवून चारही बोल्ट हातानं टेकवा. क्लॅम्पच्या टोपीवर ठिपका किंवा बाण असेल तर तो पुढच्या बाजूला, आणि आधी पुढचे बोल्ट पूर्ण बसवायचे असं मॅन्युअल म्हणत असेल तर तसंच. काहीच खूण नसेल तर पुढची-मागची फट सारखी ठेवत तिरपे-तिरपे आवळा. आकडा मॅन्युअलचाच खरा. तो मिळत नसेल तर ॲल्युमिनिअममधल्या एम-८ स्टेनलेस बोल्टला कोरडे आटे असताना १८ न्यूटन-मीटर, ग्रीस लावलं असेल तर १५. बोल्ट ठोकळ्यात किमान १२ मिमी शिरला पाहिजे. टॉर्क रेंच नसेल तर गॅरेजमधून तासाभरासाठी आणा. ‘अजून थोडं’ म्हणून मारलेला शेवटचा पाव फेराच नळी चेपतो.

ग्रिप चढवायला तेल किंवा साबण वापरू नका, मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली तापल्यावर ती हातात फिरते. ग्रिपचा गोंद वापरून रात्रभर सुकू द्या. टोकांना बुच बसवा.

आता हँडल पूर्ण डावीकडं आणि पूर्ण उजवीकडं फिरवा. दोन्ही टोकांना थ्रॉटल सोडल्यावर आपोआप टकदिशी परत येतो का? केबल ताणली जात असेल तर इंजिन वळणावर स्वतःच वेग घेईल, हा यातला सगळ्यात घातक दोष आहे. मग चालवणाऱ्याच्या अंगाला बांधायची सुरक्षा-दोरी ओढून इंजिन बंद होतं का ते बघा. जमिनीवर पाइपाचं पाणी जोडून चालवताना बहुतेक मशीनना आधी इंजिन, मग पाणी. बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. उलट केलं तर एक्झॉस्टमधून पाणी इंजिनात शिरू शकतं. तुमच्या मॅन्युअलमधला क्रम एकदा वाचून घ्या.

पाण्यावरच्या पहिल्या दोन तासांनंतर बोल्ट पुन्हा त्याच टॉर्कला तपासा.

नंतरची देखभाल

समुद्रावर नेलं असेल तर त्याच दिवशी बुचं काढून नळीच्या आतून गोडं पाणी सोडा. दर मोसमाला एकदा क्लॅम्प खोला आणि कडेच्या रेघेवर नख ओढा. नख अडलं तर डाय पेनिट्रंट वापरा. वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात तीन डब्यांचा संच मिळतो: आधी क्लीनर, मग लाल फवारा मारून दहा-पंधरा मिनिटं वाट, कापडानं पुसणं, आणि शेवटी पांढरा डेव्हलपर. चीर असेल तर पांढऱ्यावर केसासारखी लाल रेघ उमटते. ओरखडा असेल तर ती रुंद आणि फिकट असते. क्लॅम्पची कड, आडव्या दांड्याचे जोड, स्विचचं भोक आणि थ्रॉटलच्या पट्ट्याची आतली बाजू, चारही ठिकाणी बघा.

लाल रेघ दिसली किंवा एक बाजू दुसरीपेक्षा पाच मिलिमीटर जरी खाली गेली, तर ते हँडल गेलं. सरळ करून घेऊ नका. वाकताना धातूनं जे सोसलं ते सरळ करताना दुसऱ्यांदा सोसतो. आणि भंगारवाल्याला देण्याआधी हॅकसॉनं मधोमध कापा. पॉलिश मारलेलं वाकडं-सरळ हँडल कुणाच्या तरी मशीनवर पुन्हा चढायला फार वेळ लागत नाही.